हेवर्डचे मेस्त्री आणि माझी लाल मियाटा

गॅरेजचं नाव लिहिणार नाही, हे आधीच सांगते. शेवटचा चेक देताना मी मेस्त्रींना विचारलं होतं, तुमच्याबद्दल मराठीत लिहिलं तर चालेल का? त्यांनी हात पुसत मागच्या अंगणाकडे मान वळवली. तिथे ताडपत्रीखाली सात गाड्या उभ्या होत्या. "एवढ्या संपल्या की लिही," म्हणाले. गाड्यांचं काम करणारी माणसं दोनच. त्यातला एक त्यांचा पुतण्या, आणि तो बुधवारी कॉलेजला जातो. तेव्हा कॅलिफोर्नियातल्या हेवर्डमध्ये रुळांच्या कडेला पत्र्याच्या शेडची रांग आहे त्यातलं एक, एवढंच सांगते. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, ज्याच्याकडे जुनी मियाटा गाडी आहे त्याला आज ना उद्या कोणीतरी हा पत्ता देतंच.

मेस्त्री म्हणते कारण मी कोल्हापूरची. उद्यमनगरात वडिलांचं इंजिन बोअरिंगचं वर्कशॉप होतं, आता दादा चालवतो. इंजिन खोलणाऱ्या माणसाला मेस्त्री सोडून दुसरं काही म्हणायला माझी जीभ वळत नाही. हे मेस्त्री मूळचे फिलिपिन्सचे, साठी ओलांडलेले, कमी बोलणारे.

गाडी १९९० ची माझदा मियाटा, लाल, टपाची, दोन माणसांची, दिवे लावले की बेडकासारखे डोळे वर काढणारी. माझदा घेतली म्हणून कळवलं तेव्हा आईच्या डोळ्यांपुढे स्वराज माझदाची मिनी बस आली होती. "एवढी मोठी कशाला गं दोघांना?" फोटो पाठवल्यावर म्हणाली, "आणि एवढी लहान?" इथल्या बाजारात ही गाडी १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा दिसली. माझी त्या पहिल्याच मॉडेल-वर्षाची. १,५९७ सीसी, ११६ हॉर्सपॉवर, वजन हजार किलोच्या जरा आत. मी ती २०११ मध्ये एका निवृत्त शिक्षिकेकडून घेतली. हॉस्पिटलच्या लॅबमधली रात्रपाळी संपवून सकाळी नाइल्स कॅनियनमधून टप उघडा टाकून येणं ही माझी एकुलती एक चैन.

दोन वर्षांपूर्वी टायमिंग बेल्ट (क्रँक आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवणारा पट्टा) आणि पुढचं ऑइल सील बदलून घेतलं, दुसऱ्या एका गॅरेजकडून. तिथूनच सगळं सुरू झालं. पहिले काही महिने काही वाटलं नाही. मग गाडी हळूहळू मरगळली. स्टार्ट होते, धूर नाही, आवाज नाही, पण चढाला पिकअप नाही. प्लग बदलले, वायरी बदलल्या. त्याच गॅरेजने फ्युएल पंप बदलायला सांगितला, तोही बदलला. काडीचा फरक पडला नाही.

हेवर्डच्या मेस्त्रींनी बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं आणि कशालाही हात न लावता वाकून खाली बघत राहिले. मग मला बोलावलं. खालची क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची, पुली नाचत होती. फार नाही, ताटातली वाटी हलावी इतपत. त्यांनी इंजिन बंद केलं, टॉर्च मारला आणि पुलीच्या मधल्या भागावरच्या खाचा मोजायला सांगितल्या. चार. "आठ असत्या तर तू आज बेल्टचं बिल देऊन घरी गेली असतीस," म्हणाले.

ज्यांच्याकडे किंवा ज्यांच्या नात्यात ही गाडी आहे त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर सांगते. १९९० च्या आणि १९९१ च्या सुरुवातीच्या गाड्यांत क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड आहे. त्याला इथे शॉर्ट नोज म्हणतात. पुली आणि टायमिंगचं चाक ज्या लहानशा चावीवर (खाचेत, म्हणजे तिच्या घरात, बसणारा लोखंडी तुकडा) अडकून फिरतं, तिला धरायला तिथे मुळात जागाच कमी. बोल्ट नीट आवळलेला असला तर वर्षानुवर्षं काही होत नाही. पण बेल्टच्या कामात कोणी बोल्ट कमी आवळला, किंवा चाक नीट बसायच्या आत आवळला, की चावी आपल्या घरात हलायला लागते. घर रुंदावतं, टायमिंग मागे सरकतं, ताकद जाते. माझदाने पुढे हे टोक लांब केलं आणि बोल्टही जास्त आवळायला सांगितला, आधी साधारण ११० न्यूटन-मीटर, नंतर १६० च्या आसपास. चार खाचांची पुली म्हणजे आखूड, आठ खाचांची म्हणजे लांब. सेकंडहँड घेताना टॉर्च घेऊन जा, एवढं बघा, बाकी रंगबिंग नंतर. यात बरी गोष्ट एकच, या इंजिनात टायमिंग सरकलं तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत. त्यामुळे गाडी आचके देत का होईना, घरी पोचवते.

पुली काढल्यावर मेस्त्रींनी चावी माझ्या तळहातावर ठेवली. अर्ध्या बाजूने चघळल्यासारखी झालेली. मी तिथूनच दादाला व्हिडिओ कॉल लावला. कोल्हापुरात रात्रीचे साडेअकरा. दादा बनियनवर. मेस्त्रींनी फोन हातात घेऊन क्रँकच्या टोकाजवळ धरला. एकाला इंग्रजी येत नाही, दुसऱ्याला मराठी नाही, तरी दोघांचं दहा मिनिटं चाललं होतं.

"आगं, त्या चावीचं घर बघ की, पार भगदाड पडलंय," दादा म्हणाला. "त्येला इचार, काँप्रेशन बघितलंस का?"

बघितलं होतं. काँप्रेशन म्हणजे सिलेंडरमधला दाब. बाकीचे तीन सिलेंडर १६० च्या आगेमागे, तीन नंबरचा मात्र ११८ वर. गाडी २ लाख १४ हजार मैल चाललेली. मेस्त्रींनी दोन रस्ते सांगितले. चावीच्या घरात लॉकटाइट ६६० (धातूतली फट भरणारा गोंद) भरून पुली पुन्हा बसवायची. स्वस्तातलं काम, पुष्कळांचं टिकतं, पण याची गॅरंटी ते देणार नाहीत. शिवाय तिसरा सिलेंडर तसाच राहणार. नाहीतर इंजिनच बदलायचं.

दादाने फोन ठेवताना एवढंच म्हटलं, "हितं असतीस तर फुल इंजिन काम करून दिलं असतं. पण ह्यो माणूस सुटं पार्ट हातात देतोय. खरा हाय. त्येचं ऐक."

आता माझा हट्ट काय होता ते ऐका. इंजिन बदलायचंच तर दणक्यात बदलू. या गाडीत लोक काहीही घालतात. शेवरलेचं एलएस व्ही-८ घालतात, होंडाचं के सिरीज घालतात. इंटरनेटवर व्हिडिओ बघून बघून माझंही डोकं फिरलं होतं. आणि गिअरबॉक्स सहा गिअरचा हवा होता, पुढच्या पिढीच्या गाडीतला. पाचव्यात हायवेला ती इतकी ओरडते की शेजारच्याशी बोलता येत नाही, आणखी एक गिअर असला की आराम.

मेस्त्रींनी दोन्हीला नाही म्हटलं, आणि त्यांचं नाही म्हणणं हेच या गॅरेजचं सगळ्यात मोठं भांडवल आहे असं माझं मत आहे. दहा हजारांचं काम वीस हजारांवर न्यायची संधी मी त्यांच्या हातात आयती दिली होती.

गिअरबॉक्सचं त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. गिअरचं प्रमाण जितकं लहान, तितकं त्याच वेगाला इंजिन कमी फिरतं. पाच गिअरच्या बॉक्सात पाचव्याचं प्रमाण ०.८१४. सहाच्या बॉक्सात पाचवा १.०००, सहावा ०.८४३. म्हणजे मागचा डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) तोच ठेवला तर सहाव्यातही इंजिन आत्ताच्या पाचव्यापेक्षा थोडं जास्तच फिरणार! तो सहावा गिअर आरामासाठी नाहीच, गिअर जवळजवळ असावेत म्हणून आहे. मी कागद दोनदा उलटून पालटून बघितला. एवढे व्हिडिओ बघितले, एकाही शहाण्याने हे सांगितलं नव्हतं. हायवेला आराम हवा तर डिफरन्शियल बदल, म्हणाले. माझ्या गाडीचा ४.३०, नंतरच्या १.८ लिटरच्या गाडीचा ४.१०.

आणि इंजिनाचं म्हणाल तर, कॅलिफोर्नियात इंजिन बदलणं हे अर्धं कागदाचं काम आहे. आपल्याकडे आरसीवर इंजिन नंबर बदलून घेतला की सुटलो. इथे १९७६ पासूनच्या गाडीला दर दोन वर्षांनी स्मॉग चेक. माझ्या गाडीएवढी जुनी गाडी रोलरवर चालवून धुराड्यातून काय बाहेर पडतं ते मोजतात. दुसऱ्या गाडीचं इंजिन घातलं तर नियम असा की ते तुमच्या गाडीच्या वर्षाचं किंवा त्यानंतरचं हवं, आणि ज्या गाडीतून आलं त्या गाडीचं प्रदूषणाचं सगळं सामान त्याच्यासोबत यायला हवं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सेन्सर, कॉम्प्युटर, पेट्रोलची वाफ धरणारा कोळशाचा डबा, एकूण एक नळी. मग नेहमीच्या स्मॉग सेंटरला नाही, राज्याच्या रेफरीकडे जायचं. हे रेफरी बऱ्याचदा कम्युनिटी कॉलेजच्या आवारात बसतात. तो पास करून लेबल चिकटवतो तेव्हा ते इंजिन तुमचं. व्ही-८ घालून दोन दोन वर्षं अंगणात धूळ खात पडलेली एक गाडी मेस्त्रींनी दाखवली. मालकाकडे ताकद आहे, लेबल नाही.

त्यांचा सल्ला होता, १९९४ किंवा ९५ च्या मियाटाचं १.८ लिटरचं इंजिन घे. १,८३९ सीसी, १२८ हॉर्सपॉवर. त्याच घराण्यातलं आहे, जागेवर बसतं, रेफरीला समजतं. बारा घोडे जास्त! बारा घोड्यांसाठी एवढा खटाटोप? मी तोंड वाकडं केलं. ते म्हणाले, "चालवून बघ, मग बोल." आणि इंजिन सुटं घेऊ नको, अख्खी गाडी घे.

तीन आठवड्यांनी सॅक्रामेंटोकडून १९९४ ची एक पांढरी मियाटा आली, मागून जबरदस्त ठोकलेली, पुढून कोरी. ३,२०० डॉलर. विकत घ्यायच्या आधी त्यांनी तिथे जाऊन काँप्रेशन घेतलं आणि आकड्यांचा फोटो मला पाठवला. चारही १७५ ते १८० च्या दरम्यान. एक लाख अठरा हजार मैल. अंगणात आणल्यावर मागची दोन्ही चाकं उचलली, न्यूट्रल केलं आणि मला एक चाक हाताने फिरवायला सांगितलं. दुसरं चाक त्याच दिशेला फिरलं. साधा डिफरन्शियल असता तर उलट्या दिशेला फिरलं असतं. म्हणजे आत टॉर्सन निघाला, लिमिटेड स्लिपवाला, एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारा. या कामात मेस्त्री हसलेले मी दोनदा बघितले, त्यातली ही पहिली वेळ.

आता मूळ मुद्दा. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र जोडलेला बाहेर काढायला त्यांना एक दिवस लागला. नवा जोड आत बसवायला आणखी एक. मी सुट्टी टाकून दोन्ही दिवस बघायला गेले होते. आणि काम चाललं अकरा आठवडे. मग बाकीचे दिवस कुठे गेले? बाकीच्यात. माझे पैसे इंजिनात कमी गेले, बाकीच्यातच जास्त गेले, आणि या मेस्त्रींना बाकीचं येतं.

उदाहरण सांगते. इंजिनाच्या मागे, फायरवॉलच्या फटीत, हीटरचे दोन होज आहेत. इंजिन जागेवर असताना तिथे हात जात नाही. हेडच्या मागच्या टोकाला कॅम अँगल सेन्सर आहे आणि त्याला एक रबराची ओ-रिंग, किंमत जेमतेम दोन-तीन डॉलर. ती कडक झाली की तेल थेंब थेंब गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या तोंडावर पडतं, आणि लोक मेन सील गेलं समजून अख्खा गिअरबॉक्स उतरवतात. क्लचचा स्लेव्ह सिलेंडर, तोही या गाडीचा कायमचा रडका. मागचं मेन सील, वॉटर पंप, बेल्ट, आयडलर, इंजिन फाउंडेशनची रबरं. मेस्त्रींनी टेबलावर जुनं डावीकडे, नवं उजवीकडे असं मांडून ठेवलं होतं, हळदीकुंकवाच्या ताटासारखं. प्रत्येकाबद्दल त्यांनी विचारलं, हे टाकू का? आणि तीन ठिकाणी स्वतःच म्हणाले, हे जुनं चांगलं आहे, खर्च करू नको. रेडिएटर त्यातलाच.

क्लच प्लेट बघायला मला खास बोलावलं. १.६ ची २०० मिलिमीटरची, १.८ ची २१५ ची. एकावर एक ठेवली तर भाकरीवर पोळी ठेवल्यासारखी दिसते. पंधरा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, पण धरणारा पृष्ठभाग बराच वाढतो. फ्लायव्हील बदलला, क्लच नवा घातला.

गिअर लिव्हरची गंमत तर वेगळीच. या गाडीचा गिअर मनगटाने पडतो, हात हलवावा लागत नाही, त्यासाठीच लोक ती घेतात. लिव्हर खाली जिथे बसतो तिथे एक लहान हौद आहे आणि त्यात त्याचं स्वतःचं तेल असतं, गिअरबॉक्सच्या तेलापासून वेगळं, चहाच्या अर्ध्या कपापेक्षा जास्त नाही. गिअर ऑइल बदलणारे नव्वद टक्के लोक हे विसरतात, असं मेस्त्रींचं म्हणणं. माझ्या जुन्या बॉक्साचा हौद कोरडा ठणठणीत होता आणि वरची रबरी टोपी फाटलेली. तेरा वर्षं उन्हाळ्यात माझा उजवा पाय भाजत होता तो त्या फटीतून येणाऱ्या हवेने, हे मला आज कळतंय. नवी टोपी, नवं तेल घातलं. आता दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना कुलूप लागल्यासारखा नेमका आवाज येतो.

सगळ्यात जास्त दिवस खाल्ले वायरिंगने. ९४ ला माझदाने डॅशबोर्डच बदलला, त्यामुळे त्या इंजिनाचा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, माझ्या गाडीच्या वायरिंगला सरळ जोडला जात नाही. १.६ ला हवा मोजायला फडफडणारी झडप असते, १.८ ला तापणारी तार. कॉम्प्युटर वेगळा, प्लग वेगळे. पुतण्याने दोन्ही गाड्यांचे वायरिंगचे नकाशे भिंतीवर चिकटवले होते आणि जोडलेल्या वायरीवर रंगीत पेनने टिक करत होता. प्रत्येक जोड झाळलेला, त्यावर नळी, त्यावर कापडी टेप. पिरगाळून इन्शुलेशन टेप मारलेला एकही नाही. मी उद्यमनगरात वाढले आहे, हे मला बघता येतं.

आता तक्रारी.

पहिली, वेळ. पाच आठवडे सांगितले होते, अकरा घेतले. उशीर होणार हे मी समजून होते, पण फोन कधीच त्यांच्याकडून आला नाही. मी केला की शांतपणे "पुढचा गुरुवार" म्हणायचे. असे चार गुरुवार झाले. काउंटरवर त्यांची मुलगी असते ती बरी, तिला मेसेज टाकला तर फोटो पाठवते. मला हे सातव्या आठवड्यात कळलं.

दुसरी जास्त गंभीर. गाडी हातात आल्यावर पहिल्याच आठवड्यात ताशी ६० मैलांच्या पुढे पायाखाली थरथर. गिअर लिव्हरला हात लावला तर दात घासायच्या बॅटरीवाल्या ब्रशसारखा गुणगुणतोय. दहा हजार डॉलर घालवून हे? मी रात्री झोपले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला त्यांच्या शटरपुढे उभी.

मेस्त्री काही न बोलता शेजारी बसले, मला हायवेवर न्यायला सांगितलं, तळवा गिअरच्या बाजूच्या बोगद्यावर ठेवून डोळे मिटले. परत येऊन गाडी लिफ्टवर चढवली आणि म्हणाले, पीपीएफ. मला पीपीएफ म्हटलं की पोस्टातलं खातं आठवतं. इथे ते पॉवर प्लांट फ्रेम. गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत जाणारा ॲल्युमिनियमचा लांब तुळईसारखा तुकडा, जो या दोघांना एका रेषेत पक्कं धरून ठेवतो. बसवताना गिअरबॉक्सची उंची मोजून बोल्ट आवळायचे असतात. गिअरबॉक्स थोडा जरी खाली राहिला तर प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो आणि थरथर सुरू. "शुक्रवारी संध्याकाळी आवळलं होतं," मेस्त्री म्हणाले. "मोजलं नाही. माझी चूक." बोल्ट ढिले केले, खाली जॅक लावला, सरळ पट्टी धरून मोजलं, पुन्हा आवळलं. दोन तास. पैसे नाहीत. वर त्यांच्या मुलीने मला लुंपियाचा, म्हणजे फिलिपिनो रोलचा, डबा दिला. थरथर गेली ती गेलीच. पण दहा हजारांच्या कामात हे आधीच मोजायला हवं होतं, आणि ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त लागलं असावं.

बिल उघड सांगते, कारण यावर कोणी नीट आकडे लिहीत नाही. पांढरी गाडी ३,२००. मजुरी ४६ तास, तासाला १३५, म्हणजे ६,२१०. सुटे भाग करासकट १,६४०. पांढऱ्या गाडीचं उरलेलं सामान त्यांनी ठेवून घेतलं आणि ९०० वजा केले. एकूण १०,१५० डॉलर. पीपीएफचे दोन तास यात नाहीत. कार्डाला तीन टक्के वर, म्हणून चेक दिला. माझी गाडी बाजारात उभी केली तर फार तर सात हजारांना जाईल. नवरा पुण्याचा. बिल वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाला, "चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला." त्याला कोंबडीची किंमत चुकीची सांगितली आहे कोणीतरी.

रेफरीकडे मेस्त्री स्वतः आले, हे मी मागितलं नव्हतं. पांढऱ्या गाडीचं बॉनेट त्यांनी टाकून दिलं नव्हतं, कारण त्याच्या आतल्या बाजूला त्या इंजिनाच्या व्हॅक्युमच्या नळ्यांचा नकाशा चिकटवलेला असतो. ते बॉनेट पिकअपमध्ये घालून आणलं होतं. रेफरी तरुण पोरगा, त्याने पाऊण तास एकेक नळी बोटाने माग काढत तपासली. शेवटी लेबल चिकटवलं तेव्हा मेस्त्री दुसऱ्यांदा हसले.

आणि चालवायला? सुनोलहून फ्रीमाँटकडे येताना ६८० वर एक लांबलचक चढ आहे, सुनोल ग्रेड म्हणतात. आधी तिथे मला चौथा टाकावा लागायचा आणि मागचे ट्रक दिवे मारायचे. आता पाचव्यातच जाते. बारा घोडे कागदावर काही नाहीत हे खरं, पण ते खालच्या फेऱ्यांना येतात आणि गाडी एवढीशी आहे. पांढऱ्या गाडीचा ४.१० चा डिफरन्शियलही घातल्यामुळे फरक पडला: ताशी ६५ मैलांना इंजिन पूर्वी मिनिटाला साधारण ३,३५० फेऱ्या मारायचं, आता ३,२०० च्या आत. शेजारच्याशी बोलता येतं, आवाज जरा चढवून. स्पीडोमीटरही बरोबर दाखवतो, कारण गिअरबॉक्स ४.१० वाल्या गाडीचाच घेतला. हेही मेस्त्रींनी आधीच सांगितलं होतं, मी तेव्हा लक्ष दिलं नव्हतं.

सगळंच गोड नाही. सकाळी थंडीत वरून शिलाई मशीनसारखी टिकटिक येते, हायड्रॉलिक टॅपेटची. दोन मिनिटांत जाते. पहिल्या मैलात दुसरा गिअर कुरकुरतो, तेही जुन्या बॉक्सासारखंच. मेस्त्रींनी याची कल्पना दिली होती: दुसऱ्याच्या सिंक्रोचं (गिअर न घासता पडावा म्हणून असलेल्या कडीचं) दुखणं या बॉक्साच्या रक्तातच आहे, थंड असताना घाई करू नको. मला वाटतं त्यांनी बॉक्स खोलून सिंक्रो बदलायचा पर्याय तरी समोर ठेवायला हवा होता. मी कदाचित घेतलाही असता. आठ महिन्यांत ४,३०० मैल झाले. त्यात तेलाचा एक थेंब अंगणात पडलेला नाही. खाली पुठ्ठा टाकून बघते मी दर रविवारी.

कोणाला जायचं असेल तर: सकाळी आठच्या आधी फोन करा, नंतर मेस्त्री गाडीखाली असतात. ऑटोमॅटिक घेऊन जाऊ नका, ते हातच लावत नाहीत. तुम्हाला व्ही-८ च घालायचा असेल तर तिथे जाऊन वाद घालू नका, तसं करणारी दुसरी गॅरेजं आहेत. वेटिंग रूममधली कॉफी पिऊ नका. आणि पाच आठवडे सांगितले तर मनात दहा धरा.

जुना क्रँक मी मागून घेतला आहे. दादाला हवाय, वर्कशॉपमध्ये पोरांना चावीचं घर कसं खराब होतं ते दाखवायला. डिसेंबरमध्ये जाणार आहे. २३ किलोच्या बॅगेत तो घातला तर आईसाठीचं काय काय काढावं लागेल, त्याची यादी चालू आहे.